डबीवरचं नाव

डिसेंबर २०१८. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने पुणे आणि नाशिक इथून लहान मुलांच्या अंगाला लावायच्या पावडरचे नमुने घेतले. डबे 'जॉन्सन्स बेबी पावडर'चे, बनलेले मुंबईत मुलुंडच्या कारखान्यात. औषध निरीक्षकाने नमुना घेणं म्हणजे साधी खरेदी नसते. दुकानदाराला लेखी कळवावं लागतं, मालाची रास्त किंमत देऊ करावी लागते आणि नमुन्याचे चार भाग करावे लागतात. छोटा सीलबंद डबा असेल तर तो फोडायचा नसतो, तसेच चार डबे उचलायचे. एक दुकानदाराकडेच राहतो. दुसरा सरकारी विश्लेषकाकडे जातो. तिसरा न्यायालयासाठी राखून ठेवायचा. आणि चौथा पाठवायचा त्या माणसाकडे, ज्याच्याकडून हा माल घेतला असं दुकानदार सांगेल.

हा चौथा डबा म्हणजे सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्याचा कणा आहे. 'तू हे कुणाकडून घेतलंस?' हा प्रश्न घेऊन तो दुकानाच्या फळीवरून मागे मागे जात राहतो, थेट कारखान्याच्या दारापर्यंत.

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव हे बाजारपेठेचं गाव. अशा गावातल्या कटलरीच्या दुकानात बांगड्या, रिबिनी आणि पिना यांच्याच शेजारी टिकल्यांची पाकिटं, काळ्या मेंदीच्या पुड्या, शाम्पूचे पाऊच, पावडरचे डबे आणि गोरं करणाऱ्या क्रीमच्या डब्या लटकत किंवा रचून ठेवलेल्या असतात. गावातल्या मेडिकलवाल्याला औषधं विकायला परवाना लागतो, फार्मासिस्ट लागतो. कटलरीवाल्याला यातलं काहीच लागत नाही. भारतात सौंदर्यप्रसाधन बनवायला परवाना हवा, परदेशातून आणायचं तर नोंदणी हवी. विकायला मात्र परवान्याची अट नाही. त्यामुळे शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या दुकानदाराकडे कायदा एकच गोष्ट मागतो: माल कुठून आला ते सांग. सांगायला हातात पक्कं बिल असलं तर चौथा डबा पुढे जातो. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेला माल असला तर तो तिथेच अडतो, आणि त्याच्याबरोबर जबाबदारीही अडते.

ही व्यवस्था एका दिवसात उभी राहिलेली नाही.

औषधांच्या भेसळीची चौकशी करायला ब्रिटिश सरकारने १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला आणि त्याला कायद्याचं रूप यायला १९४० उजाडलं. त्या कायद्याचं नाव होतं नुसतं 'ड्रग्ज अॅक्ट'. पावडर, स्नो, लाली, केसांचा कलप यांतलं काहीही त्यात नव्हतं. शिवाय तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. आजचा जालना जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, बहुतांशी औरंगाबाद जिल्ह्यात होता, म्हणजे या मुलखाला तो कायदा लागूच नव्हता. इथल्या बायकांचं मुख्य प्रसाधन कुंकू. ते यायचं पंढरपूरच्या वारीवरून, नाहीतर करमाळ्याजवळच्या केम गावाहून. हळदीवर चुन्याची किंवा टाकणखाराची क्रिया होऊन लाल झालेलं ते कुंकू सुट्टं, मापाने विकलं जाई. त्याच्यावर कुणाचं नाव छापलेलं नसे. विकणाऱ्याची ओळख हीच त्याची हमी.

स्वातंत्र्यानंतर ही ओळखीची साखळी भराभर लांबत गेली. मुंबईत बनलेली वस्तू मराठवाड्यातल्या खेड्यात पोचू लागली आणि बनवणाऱ्याचं तोंड विकत घेणारीला कधीच दिसेनासं झालं. १९६२ साली संसदेने जुन्या कायद्यात दुरुस्ती केली आणि त्याच्या नावातच 'कॉस्मेटिक्स' हा शब्द घातला. दुरुस्ती १९६४ मध्ये अमलात आली. त्यातली व्याख्या वाचताना क्रियापदांची रांगच समोर येते: अंगावर चोळण्यासाठी, ओतण्यासाठी, शिंपडण्यासाठी, फवारण्यासाठी असलेली, स्वच्छ करण्यासाठी किंवा रूप खुलवण्यासाठी वापरायची कोणतीही वस्तू. एक वस्तू तेवढी मुद्दाम वगळली होती, ती म्हणजे साबण. घराघरात रोज लागणारी ही वस्तू १९८२ च्या दुरुस्तीपर्यंत या कायद्याच्या बाहेरच होती. त्याच दुरुस्तीने खोट्या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रसाधनांना 'बनावट' ठरवणारं कलम आलं. भेसळयुक्त प्रसाधनांचं कलम यायला २००८ उजाडलं. आज बनावट किंवा भेसळीचं प्रसाधन बनवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान ५० हजार रुपये किंवा मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांतली मोठी रक्कम दंड होऊ शकतो.

या कायद्यातली काही वाक्यं दूरवरून आलेली आहेत. काळ्या मेंदीच्या किंवा केसांच्या कलपाच्या पुडीवर बारीक अक्षरात सूचना असते: आधी थोडंसं त्वचेवर लावून पाहा, आणि भुवया किंवा पापण्या रंगवायला हे वापरू नका, दृष्टी जाऊ शकते. इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही ती छापणं नियमाने बंधनकारक आहे. तिच्या मुळाशी १९३३ च्या सुमाराचं अमेरिकेतलं 'लॅश ल्युअर' प्रकरण आहे. पापण्या काळ्या करायच्या या रंगात डांबरापासून काढलेलं रसायन होतं. ते लावून काही स्त्रियांचे डोळे गेले, एकीचा मृत्यू झाला, आणि तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात प्रसाधनांना हात लावायची तरतूदच नव्हती. १९३८ साली तिथे नवा कायदा झाला आणि ही सूचना जन्माला आली. आज दहा रुपयांच्या पुडीमागे ती असते. बहुतेकजणी पुडी दाताने फाडतात आणि नेमकं तेच कोपऱ्यातलं अक्षर फाटून जातं.

आपल्याकडचा धडा कपाळावर उमटला. कुंकवाची जागा चिकटणाऱ्या टिकलीने घेतली, तेव्हा ती सोय होती: घामाने पसरत नाही, डागत नाही. काही वर्षांतच त्वचारोगतज्ज्ञांकडे वेगळ्याच तक्रारी घेऊन बायका येऊ लागल्या. टिकली लावायच्या जागीच, टिकलीएवढाच पांढरा डाग. घरात घबराट व्हायची, कारण पांढऱ्या डागाला आपल्या समाजात कोड समजतात आणि कोडाबरोबर मुलीचं लग्न, सासरची वागणूक, सगळंच येतं. अलाहाबादचे डॉ. ए. के. बजाज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये यामागचं कारण शोधनिबंधात मांडलं. दोष टिकलीच्या मागच्या गोंदात होता. त्यातलं पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल हे रसायन त्वचेत रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींनाच मारतं. डागाचं कारण सापडलं. जबाबदार माणूस सापडणं फार कठीण होतं. टिकली कापणारा एक, गोंद पुरवणारा दुसरा, पाकिटात भरणारा तिसरा, आणि पाकिटावर नाव असलंच तर ते चौथ्याचं. घरोघरी मजुरीवर टिकल्या चिकटवून पाकिटं भरणाऱ्या बायका तर या साखळीत मोजल्याच जात नाहीत.

जिथे नाव ठळक छापलेलं होतं तिथली गोष्ट वेगळी झाली का? इथे पुन्हा मुलुंडला यावं लागतं.

२०१८ च्या आधीही त्या कारखान्याची एक फाईल उघडली होती. २००७ मध्ये पावडरच्या १५ बॅचेसमधले जंतू कमी करण्यासाठी इथिलीन ऑक्साइड वायू वापरला गेला होता. दवाखान्यातली उपकरणं निर्जंतुक करायला हा वायू वापरतात. माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय यादीत तो पहिल्या वर्गात आहे. ही प्रक्रिया परवानगीशिवाय झाली आणि नंतर पावडरमध्ये वायूचा अंश उरला का, हे तपासलं गेलं नाही, असा प्रशासनाचा आक्षेप होता. त्या बॅचेसमधले सुमारे १ लाख ६० हजार डबे बाजारात गेले होते. महेश झगडे आयुक्त असताना, २०१३ मध्ये, प्रशासनाने मुलुंडचा प्रसाधन बनवण्याचा परवाना रद्द करण्याचा आदेश काढला. हा एका मर्यादित काळातला प्रकार होता आणि उत्पादन सुरक्षितच आहे, असं कंपनीचं म्हणणं होतं. दोन्ही बाजू बाजूला ठेवून तारखा पाहिल्या तरी मन अस्वस्थ होतं. २००७ मध्ये ज्या बाळांच्या अंगाला ती पावडर लागली, ती २०१३ मध्ये पहिलीच्या वर्गात बसत होती.

त्या आदेशानंतरही मुलुंडला पावडर बनत राहिली. मग आला डिसेंबर २०१८. त्या महिन्यात जगभर याच पावडरची चर्चा होती. कंपनीला आपल्या टाल्कमध्ये काही वेळा अॅस्बेस्टॉस सापडल्याचं दशकानुदशकं ठाऊक होतं, असं वृत्त रॉयटर्सने १४ डिसेंबरला दिलं. कंपनीने ते फेटाळलं. भारतात औषध नियंत्रकांनी लगेच मुलुंड आणि हिमाचलमधल्या बद्दी इथल्या कारखान्यांतून नमुने घेतले. त्यांत अॅस्बेस्टॉस सापडलं नाही आणि मधल्या काळात थांबलेलं उत्पादन फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा सुरू झालं.

पुणे-नाशिकच्या नमुन्यांचं काम मात्र वेगळ्याच मुद्द्यावर अडलं: पीएच. पाण्यात मिसळल्यावर पदार्थ किती आम्ल किंवा अल्कली आहे, ते सांगणारा हा आकडा. लहान मुलांच्या पावडरीसाठी भारतीय मानक ५३३९ आहे आणि त्यात पीएच ५.५ ते ८ च्या दरम्यान हवा. बाळाच्या त्वचेवर किंचित आम्ल असा पातळ थर असतो, तोच तिचं रक्षण करतो. फार अल्कली पदार्थ तो थर उतरवतो. मुलुंडला बनलेल्या त्या नमुन्याचा पीएच मर्यादेबाहेर आढळला. कंपनीने आव्हान दिलं. मग कायद्याप्रमाणे राखून ठेवलेला नमुना कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेत गेला. तिथलाही निष्कर्ष तोच आला.

आता कारवाई होईल असं कुणालाही वाटेल. पण आदेश निघाला १५ सप्टेंबर २०२२ रोजी. परवाना तीन महिन्यांनी, १५ डिसेंबरपासून रद्द. आणि पाचच दिवसांनी, २० सप्टेंबरला, दुसरा आदेश: उत्पादन आणि विक्री ताबडतोब थांबवा. १५ ऑक्टोबरला सरकारकडचं अपीलही फेटाळलं गेलं. कंपनी उच्च न्यायालयात गेली.

न्यायालयाने १६ नोव्हेंबरला ताजे नमुने घ्यायला सांगितले. ते एकाच वेळी तीन ठिकाणी तपासले गेले: केंद्राच्या प्रयोगशाळेत, राज्याच्या प्रयोगशाळेत आणि एका खासगी प्रयोगशाळेत. तोपर्यंत पावडर बनवायची मुभा मिळाली, विकायची नाही. तिन्ही अहवाल मर्यादेच्या आत आले. ११ जानेवारी २०२३ रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांच्या खंडपीठाने तिन्ही आदेश रद्द केले. प्रसाधनांच्या दर्जाबाबत कठोर असलंच पाहिजे, हे न्यायालयाने मान्य केलं. मात्र एका नमुन्यातल्या दोषावरून, तेही चार वर्षांनी, अख्खं उत्पादन बंद करणं त्याला प्रमाणाबाहेरचं वाटलं. मुंगी मारायला हातोडा कशाला, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा रोख होता.

या निकालात कंपनी जिंकली आणि प्रशासन हरलं, अशी बातमी झाली. ज्या घरात तो डबा गेला होता त्या घराचा विचार केला तर हिशेब निराळा लागतो. डिसेंबर २०१८ मध्ये जन्मलेलं मूल सप्टेंबर २०२२ मध्ये पावणेचार वर्षांचं झालेलं होतं. पावडरचा डबा केव्हाच रिकामा होऊन त्यात बटणं नाहीतर खडू भरले गेले असतील. नमुन्यात दोष खरा होता तर तो डबा २०१९ सालीच बाजारातून मागे यायला हवा होता. दोष किरकोळ होता तर चार वर्षांनी कारखाना बंद करायचं कारण नव्हतं. उशिराने दोन्ही बाजूंनी अन्याय केला, आणि त्यातला मोठा वाटा त्या आयांच्या पदरात पडला, ज्यांना कुणीच काही कळवलं नाही.

फ्रान्समध्ये पावडरीनेच कायदा बदलायला लावला होता. १९७२ साली 'टाल्क मोरांज' या बेबी पावडरमध्ये चुकून हेक्झाक्लोरोफिन हे जंतुनाशक सहा टक्क्यांपर्यंत मिसळलं गेलं आणि ३६ मुलं दगावली. त्यानंतर १९७५ मध्ये फ्रेंच कायदा आला, १९७६ मध्ये युरोपचा निर्देश. पुढे २००९ च्या युरोपीय नियमावलीने स्पष्टच सांगितलं की बाजारात येणाऱ्या प्रत्येक प्रसाधनामागे युरोपातली एक 'जबाबदार व्यक्ती' नावानिशी असलीच पाहिजे.

नावच नसतं तेव्हा काय होतं, ते अकोल्याने दाखवलं. तिथल्या एका कुटुंबातल्या आई आणि दोन मुलींना एकापाठोपाठ मूत्रपिंडाचा आजार झाला. २०२३ च्या सुरुवातीला ही बातमी आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या मूत्रपिंडविकार विभागाचे प्रमुख डॉ. तुकाराम जमाले यांच्याकडे प्रकरण पोचलं, आणि तिघींत समान काय आहे याचा शोध एका क्रीमपाशी थांबला. गोरं होण्यासाठी लावायची ती क्रीम गावातल्याच एका ब्युटीशियनकडून घेतलेली होती. तपासणीत तिच्यात पारा निघाला, मर्यादेपेक्षा कितीतरी पट.

पाऱ्याचं काम त्वचेवर फसवं असतं. रंगद्रव्य बनवणाऱ्या एन्झाइमला तो निकामी करतो, म्हणून थोड्याच दिवसांत चेहरा उजळल्यासारखा दिसतो आणि क्रीमचा लौकिक वाढतो. तोवर तो त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात गेलेला असतो. नियमाप्रमाणे प्रसाधनात पारा घालायची बंदी आहे. नकळत राहिलेला अंश फार तर दशलक्षात एक भाग चालतो, डोळ्याजवळच्या प्रसाधनांत ७० भाग. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ मध्ये अशा मूत्रपिंडविकाराच्या २२ रुग्णांची नोंद केली. त्यांतल्या १५ जणांत एका विशिष्ट प्रकारची खूण सापडली, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं करणारी क्रीम लावत होते.

संशय नेहमी बरोबरच असतो असंही नाही. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये जालन्याला लागून असलेल्या बुलडाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांत, लोकांचे केस मुठीमुठीने गळून टक्कल पडू लागलं. पहिलं बोट शाम्पूच्या पुड्यांवर गेलं, मग पाण्यावर. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे लक्ष वेधलं. तपासणी झाली नसती तर शाम्पू विकणाऱ्या गरीब दुकानदारांच्या माथी तो दोष कायमचा बसला असता. प्रयोगशाळेचा अहवाल ग्राहकाला जितका हवा, तितकाच दुकानदारालाही हवा.

दरम्यान कायदाही सरकला. डिसेंबर २०२० मध्ये प्रसाधनांचे स्वतंत्र नियम आले. डबीवर काय छापायचं याची यादी त्यांत आहे: बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता, बॅच नंबर, परवाना क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, घटक पदार्थ, परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक. त्याआधी जुलै २०२० मध्ये नवा ग्राहक संरक्षण कायदा लागू झाला होता. त्याचं ८६ वं कलम कटलरीवाल्याने आणि पार्लरवालीने वाचून घ्यावं असं आहे. बनवणारा कोण ते कळत नसेल, किंवा कळूनही त्याच्यापर्यंत नोटीस पोचवता येत नसेल, तर वस्तू विकणाराच नुकसानभरपाईला जबाबदार धरला जातो. औषध कायद्याची बाजू याला पूरक आहे: परवानाधारक उत्पादकाकडून किंवा त्याच्या वितरकाकडून माल घेतला, दोष कळणं शक्य नव्हतं, आणि माल होता तसाच ठेवला, एवढं दाखवता आलं तर दुकानदार सुटतो. दाखवायला हवं ते बिलच.

अकोल्याच्या त्या क्रीमची गोष्ट इथे पुन्हा आठवते. मुलुंडच्या डब्यावर नाव, बॅच, परवाना सगळं होतं. म्हणून नमुना कोलकात्यापर्यंत गेला, वकील उभे राहिले, तीन प्रयोगशाळांनी पीएच मोजला. हाताने भरलेल्या बिननावाच्या डबीसाठी यातलं काहीच घडत नाही. तिचा तपास रुग्णालयातल्या खाटेवरून, उलट्या दिशेने सुरू करावा लागतो.

कुंभार पिंपळगावातल्या एखाद्या बाईला आपल्या क्रीमचा संशय आला, तर औषध कायद्याचं २६ वं कलम तिच्यासाठी आहे. कुणीही नागरिक ठरलेलं शुल्क भरून आपण विकत घेतलेलं प्रसाधन सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो आणि त्याचा सहीचा अहवाल मागू शकतो. अर्जाबरोबर डबी द्यायची असते. सोबत दुकानाचं बिल जोडलेलं असलं, तर निरीक्षकाला पहिला दरवाजा कुठला ठोठवायचा ते कळतं.